सोमवारी बोलतो

सिरीलसारखा तऱ्हेवाईक माणूस मी एकोणसाठ वर्षांत दुसरा पाहिला नाही. जुलैच्या उकाड्यात गळ्याला मफलर. पंखा लावला की खोलीतून उठून जाणार. तिखट नको, लोणचं नको, दही नको, थंड पाणी नको. स्ट्रीटकारमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, शेजारचा शिंकला तर हा पुढच्या स्टॉपला उतरणार, मग बाहेर बर्फ पडो नाहीतर गारा. आणि गाण्याचा प्रयोग दोन दिवसांवर आला की तोंडाला कुलूप! खिशातून छोटी पाटी काढायची आणि काय ते खडूने लिहायचं. चहा हवा तर ‘चहा’. नको तर पाटी उलटी. का, तर म्हणे आवाज वाचवतोय. अरे, वाचवून वाचवून तो पेटीत घालून ठेवायचाय का?

आणि याच माणसासाठी मी या वयात केसांना मेंदी लावायला लागले होते. ते कसं झालं, ते ऐका.

टोरांटोत ऑपेराचे कपडे शिवायच्या वर्कशॉपमध्ये मी सतरा वर्षं आहे. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त इथे कुणी साधं बोलत नाही. प्यायला पाणी मागायचं तरी गाऊन. मी शिकलेली चौथी. पण माझ्या हातचे कोट घालून किती राजे स्टेजवर मेले, आणि दोन दिवसांनी उठून पुन्हा मेले, शिवण कधी उसवली नाही. एक गोष्ट मात्र इथे आल्यावर शिकले. गाणाऱ्या माणसाचं माप दोनदा घ्यावं लागतं. एकदा साधं, एकदा श्वास भरून. नाहीतर पहिल्याच लांब सुराला पाठीवरून फाटतो कोट.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. बाहेर पाऊस पाडावा की बर्फ, हे आभाळालाच ठरवता येत नव्हतं. माप घेणारी मुलगी रस्त्यात अडकली होती, म्हणून टेप माझ्या गळ्यात. दारात एक उंच, सावळा, कानांपाशी पिकलेला माणूस उभा. मफलर ओला, बूट ओले, आणि चेहऱ्यावर भाव असा, की ओलं होणं त्याला जन्मजात अपमान वाटतो.

“आर्म्स अप, सर.”

त्याने हात वर केले. छाती बेचाळीस.

“नाऊ ब्रीद.”

त्याने श्वास घेतला... आणि टेपचं टोक माझ्या बोटांतून निसटलं. साडेपंचेचाळीस! मी पुन्हा पकडायला गेले, तर कपाळ जवळजवळ त्याच्या छातीला टेकलं. लोकरीचा वास, ओल्या पावसाचा वास, आणि आतून कसली तरी मंद घरघर, चुलीवर मोठ्या हंड्यात पाणी तापतं ना, तशी. मी पटकन मागे झाले आणि रागाने काखेत टाचणी लावली.

“आई गं!”

“हलू नका म्हटलं होतं ना,” मी बोलून गेले. मराठीतच.

तो खाली वाकून बघायला लागला.

“तुम्ही... आपल्यातल्या?”

“आपल्यातल्या म्हणजे कुणातल्या? आधी हात वर.”

“रमेदीचा आहे मी. वसई.”

“गिरीज,” मी तोंडात टाचण्या धरून म्हटलं. “रमेदीची माणसं टाचणीला एवढी भितात, हे माहीत नव्हतं.”

“गिरीजच्या बायका टोचतात, हे मात्र लहानपणापासून ऐकून होतो.”

पलीकडे इस्त्रीवर आमची मंदाकिनी होती, नागपूरची. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि खोट्या खोकल्यामागे हसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याची गोष्ट हळूहळू कळली, डब्याच्या वेळेला. लहानपणी वसईत देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गायचा. फादरांनी आवाज ओळखला. काका मॉन्ट्रियलला होते, त्यांच्याकडे आला, फ्रेंच शिकला, गाणं शिकला, मग जर्मनीतल्या लहान लहान गावांतल्या थिएटरांत सव्वीस वर्षं गायला. लग्न केलं नाही. म्हणे, सूटकेसमध्ये दुसऱ्या माणसाला जागा नव्हती.

“मफलर कमी केले असते तर झाली असती,” मी म्हटलं.

हसला. हसताना डबा हलला.

तो बॅरिटोन. बॅरिटोन म्हणजे मधला आवाज. उंच नाही, अगदी खर्जातलाही नाही. मला आधी वाटलं, वा, मधला म्हणजे मानाचा. पण नाही. ऑपेरात नायिका मिळते ती उंच आवाजवाल्याला. मधल्या आवाजाच्या वाट्याला नायिकेचा बाप, नाहीतर तिच्या वाईटावर टपलेला सरदार, नाहीतर नुसता निरोप आणणारा.

“म्हणजे तुम्हाला कधी बायको मिळतच नाही?” मी विचारलं.

“स्टेजवर?”

“मी स्टेजचंच विचारतेय.”

“स्टेजवर नाही,” तो म्हणाला. आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “बाहेरचं अजून... बघायचंय.”

शिवाय तो कव्हर होता. कव्हर म्हणजे असं: मोठा गवय्या आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायला दुसऱ्या एकाने आख्खी भूमिका पाठ करून बसायचं. शब्द, सूर, कुठे वळायचं, कुठे गुडघा टेकायचा, सगळं. आणि मोठा गवय्या आजारी पडतच नाही! तीस वर्षं सिरील असा बसला होता. स्वतःचं निरोप्याचं काम करायचं आणि राजाचं काम पोटात ठेवून घरी जायचं.

मला त्याची कीव आली नाही. मी कुणाची कीव करत नाही. मला राग आला, आणि रागात मी त्याला बिनतिखटाची पेज करून आणायला लागले.

एकदा त्याने मला दुसऱ्या तऱ्हेचं गाणं दाखवलं. एका चर्चच्या हॉलमध्ये दुपारी त्याचा कार्यक्रम होता. मुकुट नाही, तलवार नाही, पडदा नाही. एक माणूस, एक पियानो. गाणं तीन मिनिटांचं. जर्मन भाषेतलं, मला काय कळणार? पण त्याने आदल्या आठवड्यात एकेका गाण्याचा अर्थ मला सांगून ठेवला होता. एका गाण्यात माणूस नदीच्या घाटावर उभा असतो. नाव निघून गेलेली असते. तो म्हणतो, मला वेळेवर यायचंच होतं, फक्त जोडे घालत होतो.

“एवढंच?” मी विचारलं होतं.

“एवढंच.”

“मग अनवाणी का नाही धावला?”

तो माझ्याकडे वळला. “बीआट्रिसबाय, हा प्रश्न मला शिकवणाऱ्या कुठल्याच प्रोफेसरने विचारला नाही.”

त्या कार्यक्रमासाठी काळा कोट मी शिवला होता, घरी, बेसमेंटमध्ये. पाठीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडून. नदीच्या गाण्याला त्याने श्वास घेतला, तेव्हा पाठीवरची शिवण ताणली गेली आणि थांबली. तिथे बसल्या जागी मला वाटलं, की माझाच हात आहे त्याच्या पाठीवर. बारा वर्षं झाली होती माझा नवरा जाऊन. मी रुमाल काढला आणि सर्दी झाल्यासारखं केलं.

तालमीतला प्रकार वेगळाच. तिथे तो नुसता पुटपुटायचा, अर्ध्या आवाजात.

“हे काय? जेवला नाहीस का?” तोवर मी ‘तू’ वर आले होते.

“तालमीत असंच गातात. खरा आवाज खर्च करायचा नाही. भर आवाज प्रयोगाला.”

“आणि प्रयोग कधी?”

“ते... मॅनेजमेंट ठरवतं.”

बोलणंही त्याचं तसंच. स्ट्रीटकारच्या स्टॉपवर आम्ही उभे, बर्फाची भुरभुर चाललेली, माझ्या चष्म्यावर पाणी. तो स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घालतो. स्वतःचा मफलर! ज्या माणसाला स्वतःच्या आईपेक्षा गळा प्यारा, तो! आणि म्हणतो, “बीआट्रिस, मला तुला... म्हणजे या सीझननंतर आपण...”

“आपण काय?”

“काही नाही. स्ट्रीटकार आली.”

सीझन संपू दे. हा मंत्र. वसईहून कुणी सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, आणली की त्याच्यासाठी मी पुडी बाजूला काढायची. त्याने ती हुंगायची आणि खिशात घालायची. “घशाला चिकटतात. सीझन संपला की खाईन.” चार सीझन संपले. त्या सुकेळ्यांचे दगड झाले असतील.

शेवटी या हिवाळ्यात मीच म्हटलं, “सिरील, मी साठीला टेकले. तुझ्या मनात जे आहे ते आहे की नाही?”

“आहे,” तो म्हणाला. लगेच. एका दमात.

“मग घरी ये आणि माग.”

आमच्यात मागणी घरी येऊन घालतात, मोठ्या माणसांसमोर. माझी मोठी माणसं सगळी मातीत गेली. घरात आता मोठी मीच. म्हणजे माझ्या पोरांदेखत त्याने माझा हात माझ्याचकडे मागायचा. हसायचं तर हसा. पण मला ते हवं होतं. चौदा वर्षं मी मान ताठ ठेवून टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटनमध्ये दोन पोरं मार्गी लावली. चर्चमधल्या महिन्याच्या मराठी मिस्साला बायका काय कुजबुजतात ते मला ऐकू येत नाही असं नाही. म्हातारी गवय्यामागे लागली, असं एकीनेही म्हणता कामा नये. त्याने यावं, सर्वांसमोर बोलावं, मग काय बोलायचं ते बोला.

“आणि पुटपुटायचं नाही,” मी बजावलं. “तुझी तालीम मला नको. भर आवाजात.”

त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा गरम होता. “भर आवाजात,” तो म्हणाला. “शपथ.”

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या अगोदरचा शनिवार ठरला. मुलगा कॉलिन रेजिनाहून विमानाने बायकोपोरांसकट आला. मुलगी क्रिस्टा माझ्याच घरात राहते. तिच्या नवऱ्याने सकाळी उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, वर मीठ टाकलं. मी पहाटेपासून उभी. विंदालू, मैद्याचे तळलेले फुगे, आणि सिरीलसाठी वेगळं, बिनतिखटाचं. निळी सिल्कची साडी नेसले. क्रिस्टाने पदर नीट करता करता म्हटलं, “मम्मी, यू आर ब्लशिंग.”

“चुलीपाशी होते,” मी म्हटलं.

“आपल्याकडे इलेक्ट्रिक रेंज आहे, मम्मी.”

एक वाजता बेल वाजली. सिरील आला. काळा कोट, माझ्या हातचा. हातात पांढरी फुलं. गळ्यात एकावर एक दोन मफलर. आणि कोटाच्या खिशातून पाटीचा कोपरा बाहेर.

मी फुलं हातात घेतली.

त्याने पाटी काढली, घाईघाईने लिहिलं, मला दाखवलं. शुक्रवारी संध्याकाळी मोठा गवय्या आजारी पडला होता. रविवारी दुपारी राजाचं काम सिरील करणार होता. तीस वर्षांनी! त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, असू दे. एका वाक्याला कितीसा आवाज लागतो?

जेवणं झाली. टेबलाशी आम्ही नऊ, आणि तो दहावा. कॉलिनने घसा साफ केला. माझा मुलगा ट्रक चालवतो, भाषणं करत नाही. पण त्या दिवशी सूट घालून बसला होता बिचारा.

“अंकल, मम्मी म्हणते तुम्हाला आम्हाला काही आस्क करायचंय.”

सिरील उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. ओठ उघडले... आणि मिटले. हात गळ्याकडे गेला. मग त्याने पाटी पुढे ओढली आणि लिहायला लागला.

ठीक आहे, मी मनात म्हटलं. लेखी तर लेखी.

लिहून त्याने पाटी कॉलिनकडे दिली. कॉलिनला मराठी वाचता येत नाही. त्याने बायकोला दिली, ती केरळची. तिने क्रिस्टाला दिली. क्रिस्टा दुसरीत असताना आम्ही इथे आलो; तिने दोन अक्षरं लावून बघितली आणि सोडून दिली. पाटी अशी टेबलभर फिरली, एकेकजण हसून पुढे देतोय, नातवंडं उड्या मारून बघतायत, आणि फिरत फिरत ती आली माझ्यापाशी. आख्ख्या टेबलात मराठी वाचता येणारी मी एकटी. चौथी पास.

“वाच ना, मम्मी,” क्रिस्टा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. कॉलिनने फोटो काढायला फोन वर धरला.

मी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेले.

“सो... म... वा... री... बो... ल... तो.”

कॉलिनने फोन खाली घेतला. जावई उगाच हसला. “व्हॉट डज इट मीन?” एक नातू विचारत होता.

मी पाटी पुसली, पदरानेच, सिल्कच्या. “काकांना फिरनी वाढा,” मी म्हटलं. “बिनवेलचीची आहे. घशाला चालेल.”

रविवारी सकाळी राजाचा झगा मीच त्याच्या अंगावर बसवला. मूळ गवय्या त्याच्याहून चार बोटं उंच, म्हणून खालून कच्चा धावदोरा घातला. ड्रेसिंगरूममध्ये दोघंही गप्प. तो आवाजासाठी, मी मानासाठी. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं. मी टाचण्या मोजल्या.

मग विंगेतून ऐकलं. शेवटच्या अंकात म्हातारा राजा राणीपुढे गुडघा टेकतो आणि माफी मागतो. सिरीलने श्वास भरला. झगा पाठीवर ताणला गेला. आणि तो आवाज आला, चार वर्षं मी ज्याची बहुतेक घरघरच ऐकली होती तो. मोठा म्हणून नाही. मोठे पुष्कळ ऐकलेत मी. पण त्यात काही मागे ठेवलेलं नव्हतं. पायाखालची फळी थरथरत होती. बाजूचा प्रॉपर्टीवाला, म्हणजे स्टेजचं सामान हलवणारा गडी, सहा फुटी युक्रेनियन, डोळे पुसत होता. आख्खं थिएटर उभं राहिलं.

माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. आणि त्याच पाण्यातून मला राणी झालेली ती सोप्रानो गायिका दिसली, जिच्यापुढे तो गुडघ्यावर होता. तिचं नावसुद्धा त्याला नीट माहीत नसेल.

सोमवार उजाडला. वर्कशॉपमध्ये मी धावदोरा उसवत होते. मोठा गवय्या उठत नव्हता. उरलेले चारही प्रयोग सिरीललाच मिळाले होते, तेव्हा झगा आता पक्का शिवायचा होता.

तो आला. गळ्यात मफलर नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा गळा उघडा पाहिला. खिशातून त्याने एक पुडी काढली, पुडीतलं एक जुनं, काळं पडलेलं सुकेळं काढलं आणि माझ्यादेखत चावलं. कडकन आवाज झाला.

मग तो बोलला.

“बीआट्रिस. माझ्याशी लग्न करशील?”

भर आवाजात. टाचण्यांचा डबा टेबलावर वाजला. मंदाकिनीच्या इस्त्रीतून वाफ सुटत राहिली, तिचं लक्षच नव्हतं. वर्कशॉपमधल्या चिनी, इटालियन, पोर्तुगीज, सगळ्या बायकांचे हात थांबले. मराठीचा एक शब्द येत नसूनही प्रत्येकीला कळलं.

‘हो’ ओठापर्यंत आलं होतं. एवढंसं तर असतं.

“हे शनिवारी पाटीवर मावलं नसतं?” मी विचारलं.

“मावलं असतं.” तो जवळ आला. आवाज उतरला. “पण तूच म्हणालीस, भर आवाजात. मी शपथ घेतली होती. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं आहे काय? घर नाही, गाव नाही. एक आवाज आहे. ते मी खडूने लिहून देऊ? चहा मागतो तसं?”

“तोंडाने बोलायचं होतं मग.”

“आणि रविवारी फाटला असता तर? तीस वर्षं, बीआट्रिस... तुला तर कळायला हवं.”

कळलं. तेच तर वाईट झालं, की मला सगळं कळलं. त्या जागी मी असते तर कदाचित मीही गळ्याला हात लावला असता.

मंदाकिनी हळूच म्हणाली, “बीआट्रिसताई, अहो, हो म्हणा.”

मी झगा उचलला, झटकला, टेप गळ्यात टाकली. चष्मा पुसला. आणि त्याच्यासमोर उभी राहून, सर्वांदेखत, म्हणाले:

“सिरील, काल दोन हजार माणसांनी तुझा आवाज ऐकला. चांगला आहे. मी रडले, तेही सांगते. पण शनिवारी माझ्या टेबलाशी नऊ माणसं होती, आणि त्यांच्यासमोर मला तुझा तालमीतला आवाज पुरला असता. घोगरा चालला असता. नुसती मान हलवली असतीस, तरी मी पोरांना अर्थ सांगितला असता. तू काय केलंस? मला माझ्याच तोंडाने ‘सोमवारी बोलतो’ वाचायला लावलंस. राजा कधी आजारी पडतो याची वाट बघत तू तीस वर्षं बसलास, ते तुझं काम आहे. मी नाही बसणार. तुझा प्रयोग झाला, तुझं कौतुक झालं, आता उरल्या वेळात बीआट्रिस... मी कुणाची कव्हर नाही, सिरील. माझा जीव आहे तुझ्यावर, तो राहील. लग्न नाही. आता रडू नकोस, घसा बसेल, बुधवारी प्रयोग आहे. हात वर कर. श्वास भर. अजून... हं. सोड आता.”